मास्तरांच्या टेबलावरची लिंबं

एका भिंतीचा शेजार असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारात ज्वारी निवडत बसलं तरी आपणहून येऊन मांडीवर बसतात! प्लेगाच्या सालातले, आमच्या नंदुरबारच्या गल्लीतले हे त्यातलेच.

शेजारी ड्रॉइंग मास्तर. मुंबईला शिकून आलेले, एकटे. एका सकाळी त्यांनी खिडकीपाशी टेबल लावलं. पांढरं कापड, तांब्याचं घंगाळ, पाच लिंबं, तीन लाल मिरच्या. झालं! समोरची राधाजिजी किंचाळली, "मास्तर कोनावर उतारा करी ऱ्हायना वं माय?"

मीच जाऊन विचारलं. मास्तर म्हणाले, "वहिनी, हे वस्तुचित्र. तेलरंगात हुबेहूब काढायचं. महिना लागेल, तोवर काही हलवायचं नाही."

मी हे सांगितलं, तर राधाजिजी आणखीच घाबरली. "महिनाभर उतारा!"

*

तेव्हा हुकूमच होता. घरात उंदीर मरून पडला की गल्ली रिकामी करायची, गावाबाहेर कोरीटच्या वाटेवरच्या झोपड्यांत जायचं. माझी लेक गंगू बाळंतीण, नातू आठ दिवसांचा. झोपडीत गारठ्याची भीती, घरात प्लेगाच्या गाठीची. रोज सकाळी मी कणगीमागे मेलेला उंदीर शोधायची. माळ्यावर उंदीर धावले की मी हात जोडायची, "खा रे बाबांनो, सगळी ज्वारी खा, पन जित्ता ऱ्हावा!"

*

एकदा तपासायला इन्स्पेक्टर आला. मास्तरांच्या दारातच रंगात घालायच्या टर्पेंटाइनचा भपकारा नाकात गेला, तसा खूश! "शाब्बास! असं औषध मारलं पाहिजे घराघरात!" आत न जाताच परतला. दुपारी चार बायका ते औषध मागायला वाट्या घेऊन मास्तरांच्या दारात हजर!

*

मग एका मंगळवारी माळा गप्प झाला. दोन दिवस खुट्ट नाही. मला राहवेना. मास्तर विहिरीवर गेलेले पाहून मी त्यांच्या खोलीत शिरले. टेबलाखाली वाकले, कोपरे पाहिले. सगळं स्वच्छ! हुश्श करून वळले, तर समोर चित्र. घंगाळावरचा उजेडसुद्धा खरा. लिंबं, मिरच्या... आणि घंगाळाच्या सावलीत, पाय वर करून, उंदीर. शेपटीचा रंग अजून ओला.

मी भिंतीवर मुठी आपटल्या. "गंगू, पोऱ्याले उचल! भायेर निंघ!"

मास्तर कळशी घेऊन दारात उभे.

"कधी सापडला?"

"परवा. परसात पुरला. गल्ली सोडायची म्हणजे मांडणी मोडावी लागली असती, वहिनी."

"लपवायचाच होता, तर चित्रात कशाला काढलात?"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, तिथं होता ना!"