उभ्या खाचा

किल्लीमामांचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं. पण ज्या कुलपापुढे इतरांनी हात टेकले, ते मामांपुढे मुकाट उघडायचं. एक खोड मात्र होती. कुलूप बसवून झालं की स्क्रूच्या सगळ्या खाचा ते उभ्या करून ठेवत. एकही आडवी नाही, तिरकी नाही. गिऱ्हाईक कधी बघत नसे. लेक बघायची.

लेकीला त्यांनीच शिकवलं होतं. एवढीशी पोर वाकड्या तारेने कुलूप उघडायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि मामा फुगायचे. पुढे तीच पोर चौदाव्या वर्षी बाथरूमला आतून कडी घालून हातावर ब्लेड चालवायला लागली, तेव्हा टाळ्यावाले कुठे गेले कोण जाणे. मामांनी घरातल्या सगळ्या कड्या उपटल्या. तरी एकदा ती रक्ताच्या थारोळ्यात सापडलीच. मग तिला गावाबाहेरच्या उपचार केंद्रात ठेवलं. आईशी ती बोलत नसे, डॉक्टरांशी तर नाहीच. रविवारच्या भेटीत बोलायची ती फक्त बापाशी, तेही कुलपांबद्दल. तेवढ्यावर मामा आठवडा काढायचे.

एक दिवस ती केंद्राचं मागचं दार हेअरपिनने उघडून थेट दुकानात आली आणि बापाच्या स्टुलावर बसली.

"बाबा, मला इथेच ठेव ना. मी किल्ल्या घासून देईन."

मामांचा जीव कळवळला. पण रक्त पुसलेली फरशी डोळ्यांपुढून जात नव्हती.

"पंधरा दिवस राहा. मग मी स्वतः न्यायला येतो. बापाचा शब्द आहे."

ती आपल्या पायांनी परत गेली, हे मामांना फार मोठं वाटलं.

केंद्राच्या मॅडमनी मात्र तिला सोडायला आलेल्या मामांना बाजूला घेतलं. "पुन्हा पळाली तर आम्ही ठेवणार नाही. तुमच्याच विद्येने उघडलंय तिने दार, आता बंदही तुम्हीच करा."

बायकोला सांगितलं तर ती फणकारली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! शिकवा अजून!"

मांजराने वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढायचं तेवढं राखून ठेवलं. मामांनीही कुलपाची एक जात राखून ठेवली होती. धंद्यात तसंच करतात. पोटच्या पोरीशीही तसंच केलं, याची लाज त्यांना कधी वाटली नव्हती. लेक डॉक्टरांकडे बसलेली असताना त्यांनी ते कुलूप मागच्या दाराला बसवलं आणि गुपचूप निघून आले.

पंधरा दिवसांनी ती पिशवी भरूनच भेटीच्या खोलीत आली.

"न्यायला आलास?"

"अजून थोडे दिवस, बाळा."

तिने पिशवी खाली ठेवली. "मागच्या दाराचं कुलूप कोणी बसवलं?"

"इथल्या सुताराने असेल."

"त्याच्याही खाचा उभ्याच असतात?"

पोरगी हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली, आणि ते हसू बघून बापाला वाटलं, हिने रडावं, ओरडावं, थोबाडीत मारावी, पण हे नको.

"मला वाटायचं, तू मला सगळं शिकवलंयस," ती म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी ती भेटायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामा रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहायचे आणि वेळ संपली की उठायचे.

"काम चोख हं तुमचं," एकदा मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "परत पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही तिने. बाकीच्या दारांनाही हीच बसवून द्या."

नाही म्हटलं तर पोरीला घरी न्या म्हणतील. मामांनी खिशातली टेप काढली.

सगळी दारं झाली. या वेळी स्क्रूच्या खाचा त्यांनी वाकड्यातिकड्याच सोडल्या. बघणार कोण होतं?