मालनताईंची सही

फसवणूक झाली ती मालनताईंची. तीन वर्षांपूर्वी, भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमाराला. त्या वेळी त्यांनी नोंदणी कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा आपण राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय भावाला सोडतो आहोत, असं लिहून दिलं. फसवणूक आमचीही झाली. कारण ‘सही करू नका’ हे आम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनीच सही केली होती, आणि ते आम्हाला कळलं त्यांच्या दहाव्याला, लाऊडस्पीकरवरून.

ताईंना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी द्वारकेच्या चौकात रिक्षात अडकले होते, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. “आई सकाळी उठलीच नाही,” एवढंच तो म्हणाला. मी रिक्षावाल्याला ओरडून म्हणाले, थांबा. तो म्हणाला, “मॅडम, अर्धा तास थांबलेलोच आहे.” ही गोष्ट ताईंना सांगितली असती तर त्या पोट धरून हसल्या असत्या, हा पहिला विचार मनात आला. रडू नंतर आलं.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. दर शनिवारी दुपारी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत स्त्री-अभ्यासाचा वर्ग घ्यायच्या. मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्यांदा गेले. मला वाटलं, महिला दिनासारखी भाषणं असतील, गुलाबाचं फूल मिळेल. ताईंनी हातात कोरा कागद दिला. “घराचं चित्र काढा. आणि एकेका वस्तूवर लिहा, ती कुणाच्या नावावर आहे.” घर बाबांच्या नावावर, गॅस बाबांच्या, लाइट बिल आजोबांच्या (ते जाऊन बारा वर्षं झाली होती), गाडी भावाच्या. आईचं नाव मला सापडेना. मग आठवलं, स्टीलच्या पिंपावर आहे! पण त्याच्या खाली मोठ्या अक्षरात माझ्या मामाचं नाव होतं, ‘यांजकडून सप्रेम भेट’. ताई म्हणाल्या, “झालं. याला पितृसत्ता म्हणतात. मिशा पिळणारा बाप शोधत बसू नका. कागद शोधा.” लिंग आणि लिंगभाव यांतला फरक त्यांनी एका वाक्यात उरकला होता, “गर्भाशय निसर्गानं दिलं पोरींनो, लाटणं कुणी दिलं?” आणि इतिहास शिकवताना फळ्यावर तीन सालं लिहायच्या, १९५६, १९९४, २००५. लेकीला बापाच्या मालमत्तेत वाटा देणाऱ्या कायद्यांची. वर म्हणायच्या, “कायदा निघाला बरं का, पण गावात पोचेपर्यंत त्याचंच हक्कसोड झालं.” जे खासगी तेच राजकीय, हे तर इतक्यांदा सांगितलं की आम्ही एकेक करून आपापलं घर त्या खोलीत आणून उलटं केलं. कुणाचा बाप, कुणाची सासू, कुणाचा हात मोडलेला... सगळं. त्यांच्या घराबद्दल आमच्यापैकी एकीनेही कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही हक्कसोडाविरुद्ध पत्रक काढलं. लिहिलं मी. ताईंनी चष्मा कपाळावर चढवून माझी उद्गारचिन्हं मोजली. “चौदा! घर पेटलंय का गं? चिन्हं काढ आणि सातबारा कुठं मिळतो ते टाक.” पहिली प्रत मी आईला दिली. तिचं माहेर इगतपुरीकडचं, भातशेतीचं. तिचे वडील गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं आणि ते काढायला मामाने कागद तयार ठेवला होता. आईने पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि भाऊबीजेला मामाला नाही म्हणाली. त्यानंतर माहेरून नव्या तांदळाचं पोतं आलं नाही. पुढच्या भाऊबीजेचं बोलावणं नाही. भाच्याच्या लग्नाची पत्रिका लांबच्या नातलगांकडे आली, आमच्याकडे नाही. नकाराला पंधरा-वीस दिवसच झाले होते तेव्हा ताई मुद्दाम घरी आल्या, आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “हिंमत केलीत हो, अशूच्या आई.” मी शेजारी उभी होते, अभिमानाने फुगून. आता हिशोब लागतो. त्या दिवशी त्यांची स्वतःची सही होऊन गेली होती.

दहावा गोदाघाटावर झाला. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात, ती झाली. मग ताईंचे धाकटे भाऊ, आप्पा, माइकपाशी आले. सिन्नरच्या पुढे त्यांचं गाव आहे. डोळे खरंच सुजलेले होते त्यांचे, ते मी नाकारत नाही. “आमची आक्का यवढी शिकली, पन माहेर इसरली नाय,” ते म्हणाले. “लोकांच्या बहिणी कोर्टात जात्यात. आमच्या आक्कानं एका शब्दावर हक्कसोड दिलं. अशी बहीण समद्यांना मिळो.” माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी हात जोडले. शनिवारच्या आम्ही अकरा जणी एका रांगेत उभ्या, आणि माझ्या बाजूला आई. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर नीट केला. घरी येताना रिक्षात म्हणाली, “केली होती तर त्यांनी.” बस्स.

मी पुढच्या आठवड्यात सिन्नरला बस बदलून आप्पांच्या गावी गेले. भांडायलाच गेले होते. आप्पा बाजारात गेलेले. घरी त्यांच्या पत्नी, ताई ज्यांना वहिनी म्हणायच्या. त्यांनी चहा ठेवला आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागल्या. “सासूबाई अंथरुनाला लागल्या व्हत्या. आक्का दर रविवारी यायच्या, त्यांचं डोकं धुवायच्या, नखं काढायच्या. मंग ह्यांनी सांगितलं, कागद व्हत नाय तवर उंबऱ्यात पाय ठिवायचा नाय. दोन महिनं नाय आल्या आक्का. म्हातारी सारखी इचारायची, मालन कुठंय, मालन कुठंय. मंग आल्या, सही केली, आन् कचेरीतून थेट हितं येऊन म्हातारीचं डोकं धुतलं.” आणि साडी? सहीनंतर बहिणीला साडी नेसवतात, म्हणून मी विचारलं. वहिनींनी पेटी उघडली. मोरपंखी, घडी न मोडलेली. “मीच निवडली व्हती. हितंच ठिवून गेल्या. कुनाला देऊ आता? मला नेसवत बी नाय.” मग चहा गाळता गाळता एकदम हसल्या. “मी बी दिलीया सही माझ्या माहेरी. मला तर साडी बी नाय भेटली, बाई.”

परतीच्या जीपची वाट पाहत उभी असताना मला पत्रकातलं एक वाक्य आठवलं, जे छापलंच गेलं नाही. मी शेवटी लिहिलं होतं, ‘सही करणारी बाई साऱ्या बायकांशी गद्दारी करते.’ ताईंनी ते लाल पेनाने खोडलं. मी चिडले, म्हणाले, ताई, तुम्ही मऊ पडताय. त्या म्हणाल्या, “हे वाचून एखादी परत यायची नाही गं आपल्याकडे.” कुठल्या तरी दूरच्या, घाबरट बाईबद्दल बोलताहेत, असं मला वाटलं होतं. ती बाई समोर बसून माझंच पत्रक तपासत होती.

सही केली याचा राग मला आता नाही. आईचं डोकं धुण्यासाठी कुणी काय सोडावं हे सांगणारी मी कोण? पण लपवली याचा राग आहे आणि तो मी गिळणार नाही. आमची घरं उघडी करून घेतली आणि स्वतःचं बंद ठेवलं. एका शनिवारी त्यांनी म्हणायला हवं होतं, पोरींनो, मी हरले, नकाराची किंमत ही अशी असते, ती माहीत असू द्या. तर माझ्या आईने डोळे उघडे ठेवून पुन्हा ठरवलं असतं. कदाचित नकारच कायम ठेवला असता. पण एकटीने नाही... ताई, तुम्ही तिला एकटं पाडलंत. शाबासकी देऊन एकटं पाडलंत.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. दहाव्याची बातमी इगतपुरीपर्यंत पोचली आहे. “एवढ्या मोठ्या बाईंनी दिली की सही. तुझं काय अडलंय? कागद तयार आहे. सही कर आणि भाऊबीजेला ये.” आईने आठ दिवस मागून घेतले. मला म्हणाली, “मी करते गं सही. मला भाऊ पाहिजे.” मी नेहमीसारखी सुरू झाले, कायदा, हक्क, सालं. तिने हात वर केला. “तुझं पत्रक पाठ आहे मला. पण ते मला कशाला दिलंस? मामाला का नाही दिलंस?”

आम्ही वस्त्यांवर फिरलो, बचत गटांत गेलो, बसस्टँडवर उभ्या राहिलो आणि प्रत्येक पत्रक बहिणीच्या हातात दिलं. नाही तिने म्हणायचं, माहेर तिने गमवायचं, हिंमतही तिनेच करायची. ज्याच्या कपाटात कागद तयार आहे त्याच्यासाठी आम्ही एक ओळसुद्धा कधी लिहिली नाही.

म्हणून आज ही पुरवणी वाचणाऱ्या भावांना सांगते. आणि मामा, तुझ्याकडे हा पेपर येतो, म्हणून तुलाही. आईच्या आठ दिवसांतले तीन उरलेत. बहिणीच्या सहीसाठी केलेला कागद आज कपाटातून बाहेर काढा आणि फाडा. मग तिला फोन करा, आणि जेवायला बोलवा. याच क्रमाने.