मजेला कारण लागतं

बायकांच्या खेळाचा गट चालवला की किस्से शोधावे लागत नाहीत. एक सांगून होईपर्यंत दुसरा मैदानावर घडत असतो.

बंगळूरला शिकून मी गावी, साखऱ्यात परतले ती एक ठाम मत घेऊनच: मजा हा प्रत्येक बाईचा हक्क आहे! शाळेच्या मैदानावर फलक लावला, 'रोज संध्याकाळी लंगडी, लगोरी. फक्त मजेसाठी.'

पहिल्या दिवशी मैदानावर मी होते आणि दोन शेळ्या.

*

शेजारच्या संगीतावहिनींना विचारलं, "काहून नाही आलात?"

"सासूबाईंना काय सांगू? मजा करायला चालले म्हणून?"

तेव्हा कळलं, हा शब्द आमच्याकडे दुसऱ्याला ऐकवायचा असतो. दुपारी वहिनींनी जरा पाठ टेकली की शेजारीण म्हणते, "मजा हाय बाई तुमची!" वहिनी लगेच उठून भांडी घासायला घेतात. घासलेली भांडीसुद्धा!

*

स्वतःबद्दल कुणी हा शब्द वापरताना मी एकदाच ऐकलं. वहिनींच्या सासूबाई, गंगामामी, दाढ काढून आल्या होत्या. "कशा आहात?" म्हटलं.

सुजलेला गाल धरून म्हणाल्या, "मजेत."

*

मी फलक बदलला: 'शुगरसाठी व्यायाम.' मैदान भरलं! वहिनींना तर गंगामामींनीच पाठवलं.

आठवड्याभरात गावच्या दवाखान्यातल्या नर्सताई माझ्यावर चिडल्या. तपासणीत शुगर निघाली नाही म्हणून आमच्या गटातल्या कांताकाकू त्यांच्याशी भांडून राहिल्या होत्या. "नीट पाहा ना ताई, थोडी तरी असंलच!"

*

वहिनींनाही शुगर नाही, ही बातमी गंगामामींना कळली. त्या तरातरा मैदानावर आल्या. "चल घरी! उद्यापासून हे सगळं बंद!"

लंगडी ऐन रंगात होती. वहिनी आखलेल्या चौकोनात होत्या आणि बाहेर येईनात. मामी आत शिरायला गेल्या, तर कांताकाकू आडव्या आल्या.

"मामी, पकडणारीनं दोन पायांनी आत यायचं न्हाई. लंगडी घाला."

गंगामामींनी चपला काढल्या. पदर खोचला. एक पाय उचलला.

वहिनी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मामी मागे. बायका ओरडून राहिल्या होत्या. तेवढ्यात मामींचा मुलगा बोलवायला आला आणि कुंपणापाशीच थबकला.

"आई, काय करून राहिलीस? घरी पाहुणे आलेत. चल!"

मामी जागच्या जागी उड्या मारत म्हणाल्या, "थांब की जरा! पाय टेकला तर मी आऊट!"