ओट्यावर न सापडलेली पहार

मुळशीतल्या एका गावचा मी तेवीस वर्षे पोलीस पाटील होतो. गावात काही घडले की पौडहून पोलीस येईपर्यंत जागा राखायची, कोणाला कशाला हात लावू द्यायचा नाही, हे माझे काम. मी ते चोख केले असे गाव म्हणते. एकदा केले नाही. त्यापायी एक माणूस सात वर्षे तुरुंगात आहे.

भातकापणी चालू होती. वाडीवरचा एक कातकरी माझ्या खाचरात विळा चालवायला आला होता. दुपारी बांधावर जेवलो. हात धुऊन तो ते सदऱ्याला पुसू लागला, तेव्हा मी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. तो मागे सरला.

"नगं पाटील, घामानं घाण हुईल."

"घे रं. टॉवेलच हाय, शालू न्हाई."

त्याने हात पुसले, तोंड पुसले, मान पुसली. माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांना पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतले असते. मी टॉवेल दिला याचा मला आतून अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे, बांधकाम थांबलेल्या बंगल्यांवरचा वॉचमन मेलेला सापडला. डोक्यात घाव होता, तांब्याच्या वायरी गेल्या होत्या. लोक आत प्रेताकडे धावले. मी फाटकाशी एकटा राहिलो. तिथे वाटेतच लोखंडी पहार पडली होती. आता जीप येईल, चाकाखाली जाईल, म्हणून मी ती उचलून बाजूच्या बंगल्याच्या ओट्यावर ठेवली. ठसे उमटू नयेत म्हणून टॉवेलात धरून, चांगली आवळून. टॉवेल कालचाच होता. आपण मोठी अक्कल लढवली असे तेव्हा वाटले.

पंचनाम्यात लिहिले गेले, 'पहार ओट्यावर मिळून आली.' सांगायला मी तोंड उघडलेही होते. पण ज्यांना वर्षानुवर्षे 'हात लावू नका' म्हणून दटावले, ते सगळे समोर उभे होते. हसले असते. मी पंच म्हणून सही केली.

आठवड्यापूर्वी सरपणावरून त्या कातकऱ्याची वॉचमनशी बाचाबाची झाली होती, म्हणून पोलिसांनी त्याला उचलले. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. पहारीवर त्याचा डीएनए होता. आणखी कोणा अनोळखी माणसाचा पुसट अंशही होता. तो कोणाचा, हे कोणी शोधले नाही.

कोर्टात तो एकच सांगत राहिला, "मी तितं गेलोच न्हाई."

सरकारी वकिलाने विचारले, "मग तुझा डीएनए तिथं उडत गेला का?" लोक हसले. मीही हसलो. मग मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावले. पहारीला कोणी हात लावला होता का? मी म्हणालो, नाही. त्याला जन्मठेप झाली. विज्ञानच सांगते आहे म्हटल्यावर माझीही खात्री पटली होती, हे कबूल करतो.

माझी नात भूगावला राहते आणि न्यायवैद्यक शिकते. सव्वा वर्षापूर्वी मी तिला सहज विचारावे तसे विचारले, की न गेलेल्या माणसाचा डीएनए वस्तूवर येईल का?

"आबा, तुम्ही मालिका फार बघता," ती म्हणाली. मग उठून तिने ओल्या हाताला हळद लावली, हात फडक्याला पुसला आणि ते फडके माझ्या हातात दिले. "यानं तो झारा उचला." मी उचलला आणि ठेवला. झाऱ्याच्या दांड्यावर पिवळा डाग होता.

"झाऱ्याला मी हात लावला का? नाही. आपल्या कातडीचे कण, घाम असेच जातात. हातावरून फडक्यावर, फडक्यावरून दांड्यावर. दर वेळी जातीलच असं नाही, पण जातात. कण कोणाचे ते कळतं. तिथं कसे आले, ते त्यावरून कळत नाही."

मी तो दांडा पुसत बसलो. तो पुसट अंश माझाच असणार, हे मला कळले होते.

तरी वर्षाहून अधिक काळ मी गप्प बसलो. कोर्टातले खोटे लाजेचे होते. हे गप्प बसणे मात्र जाणूनबुजून होते, आणि त्याची माफी मागायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात वाडीवर गेलो. त्याची बायको अंगणात हिरडे वाळत घालत होती. मी सगळे सांगितले. ती हिरडे पसरत राहिली. शेवटी म्हणाली, "त्यो घरी येऊन सांगत व्हता, पाटलानं सोताचा टॉवेल दिला. लई कवतिक त्याला."

तिने हाताची धूळ झटकली.

"ह्ये हितंच सांगून जाणार, का तितं कोर्टात बी सांगणार?"

"तिथं बी सांगतो."

"मग हितं कशाला बसलाय? उटा."

तिच्या नवऱ्याचे अपील वरच्या कोर्टात आहे. त्याच्या वकिलाने मला आधीच बजावले, खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच खटला होईल, आणि एवढ्याने तो सुटेलच असेही नाही. मी म्हणालो, लिहा. प्रतिज्ञापत्राचे पहिले वाक्य मी सांगितले तसेच आहे: पहार ओट्यावर मिळाली नाही, ती फाटकातून मी उचलली, आणि ज्या टॉवेलात धरली त्याला आदल्या दुपारी आरोपीने माझ्याच सांगण्यावरून हात पुसले होते.

सही केली. तो अजून आत आहे.