दोन रिंगा

पीएच.डी.च्या खुल्या तोंडी परीक्षेला आमच्याकडं लग्नासारखी माणसं जमतात. परीक्षा एकाची आणि नव्या साड्या सगळ्यांच्या. मार्गदर्शकांचे जुने विद्यार्थी येतात, नात्यातली चार माणसं येतात, जेवणाचा बेत काय आहे ते आधी विचारून मग यायचं ठरवणारे सहकारीही येतात. आणि खुली म्हणजे खरंच खुली. परीक्षकांचं विचारून झालं की मागं बसलेला कुणीही हात वर करून प्रश्न विचारू शकतो. म्हणून बहुतेक जण आपल्या मैत्रिणींना दोन सोपे प्रश्न आधीच देऊन ठेवतात. मीही दिले होते. त्यात लाज कसली, सगळेच देतात.

माझी तारीख नेमकी अशा आठवड्यात आली की सीमेवर गोळीबार सुरू झाला होता आणि टीव्हीवाले रोज संध्याकाळी युद्ध जिंकत होते. माझा धाकटा भाऊ तिकडंच होता. तिकडं म्हणजे नेमका कुठं, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

प्रबंध होता शस्त्रसंधीवर. दोन देशांनी बंदुका खाली ठेवायचं ठरवलं की सैनिकांच्या घरांत काय बदलतं आणि काय बदलत नाही, असा विषय. त्यासाठी मी जिल्ह्यातली गावंच्या गावं पालथी घातली होती, परक्यांच्या घरी पुढच्या सोप्यात बसून चहा पीत बायकांना प्रश्न विचारले होते. त्यातून निघालेला माझा मुख्य मुद्दा असा, की गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली असं नव्हे. खरी शांतता त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठी असते. हे वाक्य मी चर्चासत्रांतून इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या आठवड्यात मात्र कुणी नुसता गोळीबार थांबवून दिला असता, तर तो प्रबंध मी खुशाल चुलीत घातला असता.

भावानं सुट्टीवरून जाताना आम्हाला बजावलं होतं. त्याची बदली सीमेवर झालीय हे कुणाला सांगायचं नाही. पाहुण्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही. आणि रोज सकाळी तो माझ्या फोनवर दोन रिंगा देऊन ठेवून देणार. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. "उचलायचा न्हाय," तो म्हणाला होता. "उचलला की बोलावं वाटतंय, आन् तितं बोलायला येळ न्हाय."

ऐकायला सोपं वाटतं. पण तो ज्याचा मिळेल त्याचा फोन घ्यायचा, त्यामुळं नंबर रोज वेगळा. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या पोरींचे फोनही अनोळखी नंबरवरूनच येतात. फोन वाजला की जीव टांगणीला लागायचा. दोन रिंगांनंतर तो गप्प झाला की श्वास सुटायचा, आणि तिसरी वाजली की वाईटच काही असणार असं धरून मी तो उचलायचे. मग पलीकडून कुणीतरी गोड आवाजात क्रेडिट कार्ड विकायला लागलं की मी त्या पोरीवर असली डाफरायचे की तिनं माझं नाव कायमचं खोडलं असणार.

बिद्रीजवळच्या आमच्या गावात शेजारच्या एकानं भावाचा वर्दीतला फोटो झेंडा लावून स्टेटसला ठेवला. बाबा पायांत चप्पल न घालता त्याच्या घरी गेले आणि तो काढून होईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्याच दिवशी आई कोल्हापुरात माझ्या भाड्याच्या खोलीवर राहायला आली. कारण परीक्षेचं सांगितलं, पण तिला त्या फोनजवळ बसायचं होतं. रोज उठून अंघोळ करायची आणि फोन समोर ठेवून बसायची. रिंगा येईपर्यंत चहाचा घोट नाही. आधी मी तिच्यावर चिडायचे, मग मीही चहा थांबवायला लागले.

परीक्षेच्या दिवशी रिंगा आल्याच नाहीत.

साडी नेसून झाली, रिक्षा दारात आली, तरी नाही. आईनं वाडीच्या दत्ताला नमस्कार करून आणलेला पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरला होता आणि त्यावर माझा फोन ठेवला होता. विद्यापीठात आमच्या विभागाच्या दारात मी तिला म्हटलं, "मला आत फोन जवळ ठेवता येणार नाही. तू मागं बस. वाजला तर मला खूण कर."

"दोन बोटं दावतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, येतो, जातो. "तू तुजं बग. माज्याकडं बगू नगं."

मी सगळा वेळ तिच्याकडंच बघत होते. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई सज्जन होत्या. व्याख्या विचारल्या, मुलाखती कशा घेतल्या ते विचारलं, दोन ठिकाणी कौतुकही केलं. माझं तोंड आपोआप उत्तरं देत होतं. डोळे शेवटच्या रांगेत, खिडकीजवळच्या हिरव्या इरकलीवर. आई फोनकडं बघत होती. हात खालीच होता.

मग प्रश्न श्रोत्यांकडं गेले. माझ्या मैत्रिणीनं तिला दिलेला प्रश्न इतका पाठ म्हणून दाखवला की मार्गदर्शक सरांनी खाली बघितलं. मी उत्तर दिलं. दुसरा हात वर गेला तो एका निवृत्त प्राध्यापकांचा. ते प्रत्येक परीक्षेला येतात आणि जेवूनच जातात. ते उठले, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं शांततेवरचं विवेचन छानच आहे. पण तिकडं पोरं मरतायत आणि आपण इथं पंख्याखाली बसून शांतता-शांतता करायचं, हे सोपं आहे. मला एकच सांगा, तुमच्या घरातलं कुणी आहे का सीमेवर?"

डोक्यात तिडीक गेली. एक शब्द पुरे होता. 'आहे' म्हटलं असतं तर त्या खोलीतल्या कुणाची मान वर करायची छाती झाली नसती. तो शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी आईकडं बघितलं. माझी आई म्हणजे बसमध्ये कंडक्टरनं वाकडं बोललं तर पुढच्या थांब्यापर्यंत त्याचा उद्धार करणारी बाई. ती त्या माणसाच्या पाठीकडं बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"सर," मी म्हटलं, "माझ्या घरात कोण आहे, यावर प्रबंध खरा की खोटा ते ठरत नाही."

"मग कशावर ठरतं?"

मी एक वाक्य सुरू केलं आणि मधेच सोडलं. सरांचा चेहरा पडला. माझा आवाज कापायला लागलेला मलाच ऐकू येत होता, आणि आता आपण इथं सगळ्यांसमोर रडणार, असं वाटलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेत आईचा हात वर गेला. दोन बोटं.

अंगातलं ओझंच उतरलं. पण परीक्षक बाईंनीही तो हात बघितला होता. "मावशी, तुम्हाला प्रश्न विचारायचाय का? विचारा की."

सगळी खोली मागं वळली. आईनं हात पटकन पदराखाली घेतला. "न्हाय न्हाय," ती म्हणाली. "चालू द्या तुमचं."

लोक हसले. मीही हसले, आणि मग बोलले. मी म्हटलं, की ज्या घरांत मी जाऊन बसले त्या घरांवर ते ठरतं. त्या घरांतल्या कुणीही मला युद्ध हवंय असं सांगितलं नाही, आणि ती माणसं भित्री नव्हती, कारण भित्र्यांची पोरं तिकडं जात नाहीत. शेवटी असंही म्हटलं, की गोळीबार थांबणं म्हणजे शांतता नव्हे, हे मी लिहिलंय आणि ते मला आजही पटतं. पण तेवढं थांबणंसुद्धा थोडं नसतं, हे वाक्य लिहायचं राहिलंय, ते आता घालीन. परीक्षक बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. प्राध्यापक बसले.

पदवी द्यावी अशी शिफारस झाली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आई बॉक्स उघडून व्हरांड्यात पेढे वाटत फिरायला लागली. सरांना दिला, बाईंना दिला, शिपायाला दिला, त्या प्राध्यापकांना तर आग्रह करून दोन दिले. मी एक पेढा घेऊन तिच्या तोंडापुढं धरला. तिनं मान फिरवली.

"माजा उपास हाय."

"कसला उपास आज?"

"हाय कसला तरी. तू खा."

तिचे ओठ सुकलेले होते. सकाळपासून तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि अजूनही घेत नव्हती. तिच्या काखेतल्या पिशवीतून मी फोन काढला. सकाळपासून एकही कॉल नव्हता.

"आई, रिंगा आल्या म्हणालीस."

"म्हणालो न्हाय. बोटं दावली."

"खोटं का सांगितलंस?"

"मग काय करू? तिकडं त्येचं काय झालंय कळंना, आन् हितं तू बी पडायलीस. दोगं कशी सांबाळू?"

मला तिचा राग आला, आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही झालं नाही, कारण फोन माझ्या हातात वाजला. अनोळखी नंबर. एक रिंग. दुसरी. आईनं माझं मनगट धरलं. तिसरी वाजली. चौथी. थांबेना.

"उचल," आई म्हणाली.

"तू उचल."

"माज्यानं हुईत न्हाय."

मी उचलला. पलीकडं नुसती खरखर, आणि मग आवाज आला. "ताई, झालीस का डाक्टर?"

मी लगेच फोन आईच्या कानाला लावला. "दोन रिंगांवर ठेवायचं ठरलंय न्हवं आपलं?" ती अशी ओरडली की सगळा व्हरांडा बघायला लागला. त्याला ती लहानपणापासून मुडद्या म्हणते. तो शब्द निम्मा तोंडातून बाहेर आला आणि तिनं तो गिळला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तो बहुतेक सांगत होता की सकाळी फोन मिळाला नाही आणि आज ताईची परीक्षा म्हणून मुद्दाम बोलायला मागून घेतलाय. आई नुसती व्हय, व्हय म्हणत होती.

त्यानं काहीतरी विचारलं. आईनं समोर बघितलं. ते प्राध्यापक व्हरांड्याच्या कठड्याला टेकून दुसरा पेढा खात होते.

"प्रश्न व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "सोपं हुतं समदं. येकच अवगड हुता. त्येचं उत्तर मला येत हुतं. पर मी सांगितलं न्हाय."