काळदरीच्या पुरवण्या आणि आमचे तीन शहाणे

म्हावरं साफ करायला बसलं की खवलं उडतात. अंग धुतलं, साबण लावला, तरी दुसऱ्या दिवशी कानामागे एक खवल चिकटलेलं सापडतंच. आमच्या काळदरीवाल्यांचे किस्से तसेच! मी म्हणतो, संपले, आता नाय काय सांगण्यासारखं. तेवढ्यात सुधीर पडवीत येतो, तोंड उघडतो, आणि झालं! नवीन खवल!

काळदरी म्हणजे खेळ. पत्ते नाय, कॅरम नाय. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कोण राजा, कोण चोर. पुढे काय होतं ते फासे टाकून ठरवायचं. चांगले पोरंबाळंवाले बाप्ये हे करतात!

पुण्यातल्या एका साहेबांनी हा खेळ काढला. एक पुस्तक छापलं, मागच्या पानावर 'समुद्राचा भाग लवकरच' असं टाकलं आणि दुकान बंद! साहेब लागले फ्लॅट विकायला. आता हा खेळ कोण खेळत नाय. खेडचे दोनचार येडे आणि आमचे तीन शहाणे सोडून.

तिघांत सुधीर मुख्य. सरकारी हापिसात आहे. विन्या आंब्याच्या पेट्या ठोकतो आणि चित्रं काढतो. मंग्या अलोऱ्याचा, धरणाच्या कॉलनीत वाढला, इंजिनियर झाला. जागा माझी पडवी. मी जन्मभर होड्यांची इंजिनं खोलली, आता रिटायर, करमणूक तर पायजेच ना! मला अक्षर लावून वाचेपर्यंत एसटी निघून जाते, म्हणून खेळात मला चोर केलाय. चोराला वाचावं लागत नाय.

पुढचं पुस्तक येत नाय म्हटल्यावर हे स्वतःच लिहायला लागले. पुरवणी म्हणतात त्याला. सुधीरचं एकच स्वप्न, साहेबांनी एकदा हो म्हणावं, म्हणजे पुरवणीवर 'अधिकृत' असं छापता येईल. त्यासाठी तो साहेबांना रोज मेसेज टाकतो. निळ्या रेघा येतात, उत्तर नाय.

त्याची बायको मला बोलली, "तात्या, लग्नाआधी ह्यांनी मला एवढे मेसेज केले असते ना, तर मी तेव्हाच नाय म्हटलं असतं!"

* * *

पहिली पुरवणी मंग्याची. मूळ पुस्तकात उडी मारायची तर एक फासा टाका, संपलं. मंग्याला ते पटेना. माणसाचं वजन, खांद्यावरचं ओझं, चप्पल की अनवाणी, कातळ सुका की शेवाळलेला, सगळ्याचं गणित त्याने पुरवणीत घातलं.

माझ्या चोराला एक व्हाळ ओलांडायचा होता. गुडघाभर पाण्याचा! मंग्याने कॅल्क्युलेटर काढला. आमचा चहा झाला. मी आत जाऊन भाजीला फोडणी घालून आलो. मंग्या अजून आकडेमोड करतोय.

मी म्हटलं, "मेल्या, उडी मारायची आहे की धरण बांधायचं आहे?"

मान वर न करता मंग्या बोलला, "तात्या, धरण सोपं असतं."

* * *

दुसरी विन्याची. भुताखेतांची. मूळ पुस्तकात सगळी परदेशी भुतं, दातवाली, पंखवाली. विन्या म्हणाला, आपल्याकडे काय कमी आहेत? चित्रं काढली बाकी झकास. पण पुस्तक घरात ठेवायला घाबरायचा, स्कूटरच्या डिकीत ठेवायचा! लिहिणारा हाच, काढणारा हाच, आणि दिवेलागणीच्या आत घरी पळणारा पण हाच!

त्यात त्याने राखणदार, म्हणजे गावच्या वेशीवरचा देव, घातला. आणि मंग्याच्या सरदाराने फासे टाकून राखणदाराला हरवला! हे विन्याच्या आवशीला कळलं. म्हातारी तरातरा माझ्या पडवीत.

"कोणी मारला त्याला?"

मंग्या पुटपुटला, "काकी, तो नुसता फासा..."

"फासा? पिढ्यान् पिढ्या वेस राखतोय तो, आणि तू फाशाने मारलास? चल, आधी गाऱ्हाणं घाल! मान दे त्याचा!"

इंजिनियर गेला गुपचूप, कोंबडा बगलेत मारून. पुरवणी परत छापली, त्यात खाली बारीक अक्षरात टाकलंय म्हणे, 'राखणदार हरत नाही.' आता तो भेटला की कोण तलवार काढत नाय. सगळे सरदार पाया पडतात आणि घरी जातात. काय खेळ बाबा!

* * *

खेडवाल्यांचीही पुरवणी आहे. त्यांनी नकाशात आमच्या रत्नागिरीच्या जागी लिहिलं, 'ओसाड किनारा. येथे काही मिळत नाही.' यांचं रक्त उसळलं! यांनी आपल्या नकाशात खेडच्या जागी नुसता खड्डा काढला.

मग समेट करायला तिघे खेडला गेले. दोन पुरवण्या मिळून एक करायची ठरली. पण वर नाव कोणाचं आधी? त्यावर असे भांडले की शेवटची एसटी चुकली. खेडवाल्यांनी बिचाऱ्यांनी घरी नेलं, कोंबडी-वडे घातले, अंथरुणं घातली, सकाळी स्टँडवर सोडलं.

परत आल्या आल्या सुधीरने पुरवणीत वाढवलं, 'खेड: येथील माणसे पाहुण्यास विष घालतात.'

मी म्हटलं, "अरे, तुला वडे घातले ना त्यांनी?"

"घातले की! चांगले होते. पण ते वेगळं तात्या. ही पुरवणी आहे."

* * *

आता जरा माझं काम. सुधीरची समुद्राची पुरवणी वर्षानुवर्षं अर्धीच पडलेली. मी सहज पुडी सोडली, "अरे, पुण्याचं एक टोळकं पण समुद्राची लिहितंय म्हणे. साहेब त्यांनाच हो म्हणणार."

सुधीरचं तोंड बोंबलासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा! घरात कोंडून घेऊन लिहितोय, लिहितोय. लिहिलेलं बरोबर आहे की नाय ते बघायला खाटेवर उभा राहून स्वतःच करून बघतोय.

त्याच्या हापिसातले वरचे साहेब भले माणूस. शहाळी घेऊन बघायला आले. दार उघडं. आत सुधीर खाटेवर, चादर दोन हातांत ताणलेली, आणि बोंबलतोय, "शीड उतरवा! तांडेल, शीड उतरवा! बुडतोय!"

साहेबांनी शहाळी हळूच खाली ठेवली. सुधीरच्या बायकोला बाजूला घेऊन बोलले, "हापिसाची काळजी करू नका हो. रजा मी वाढवतो."

* * *

आणि आता पुण्याचे साहेब. त्यांनी हेदवीच्या गणपतीचा फोटो फेसबुकवर टाकला. ते देवळाच्या पायऱ्या उतरतायत तर खाली सुधीर मोटारसायकल घेऊन उभा! साहेबांचा मुक्काम रत्नागिरीतच होता, त्यामुळे सापडले, आणि सुधीरने त्यांना थेट माझ्या पडवीत आणलं.

मे महिना. पडवीची कौलं तापलेली. साहेब घाम पुसत बसले. "हे बघ, अर्धा तास बसतो. कंटाळा आला तर उठेन. उठलो की समजायचं, नाही. मग एकही मेसेज करायचा नाही."

सुधीर बोलला, "चालेल."

समुद्राच्या पुरवणीत पहिला फासा महिन्याचा. साहेबांनी टाकला. पडला आषाढ!

मंग्याने कपाळाला हात लावला.

साहेब म्हणाले, "ठीक. माझा खलाशी होडी समुद्रात घालतो."

"नाय घालता येत," सुधीर बोलला.

"का?"

"आषाढ आहे साहेब. होड्या वर ओढल्यात. माडाच्या झापांनी शाकारल्यात."

"मग तो करतो काय?"

"जाळी दुरुस्त करतो."

"आणि?"

"आणि जाळी दुरुस्त करतो."

मी सुधीरला कोपराने ढोसलं. "मेल्या, परत टाकायला दे ना! कार्तिक काढ! चाचे लिहिलेस, तुफान लिहिलंस, ते कधी दाखवणार?"

"नाय तात्या. आषाढात कोण होडी घालतो? वाईच डोकं चालवा!"

डोकं मी चालवायचं! जन्माचं स्वप्न समोर खुर्चीत बसलंय आणि हा त्याला पावसाळा सांगतोय!

साहेब तापले. "अरे, हा खेळ मी लिहिलाय!"

"लिहिलात साहेब. पण पुढचा नाय लिहिलात ना!"

साहेब उठले. खुर्ची करकरली. सुधीर खाली बघून फासे गोळा करायला लागला.

साहेब उभ्याउभ्याच बोलले, "जाळं फाटलंय कुठे पण?"

"तुमच्या बाजूला. शेजाऱ्याने होडीचा नांगर घासला त्यावर."

"कुठल्या शेजाऱ्याने?"

"ह्या विन्याने."

विन्या उसळला, "माझं नाव नाय हां घ्यायचं! यांचं जाळं आधीच कुजकं!"

"कुजकं?" साहेब धपकन खाली बसले. "कोणाचं कुजकं? तुझ्या बापाने तरी घेतलं होतं का असलं जाळं?"

झालं! चार बाप्ये, हात रिकामे, हवेत जाळं विणतायत आणि एकमेकांच्या आवशी-बापसाचा उद्धार करतायत! मंग्याने साहेबांच्या खलाशाची बंदराची जागा ढापली. साहेबांनी मंग्याच्या होडीवरचे झाप चोरले. मी दोनदा सरबत आणून ठेवलं, कोणी बघितलंसुद्धा नाय.

शेवटी साहेबांचा ड्रायव्हर दारात आला. मागे ऊन नुसतं रखरखतंय, अंगणातल्या कातळावर पाय ठेवता येत नाय.

"साहेब, फार वेळ झाला. निघू या ना?"

साहेबांनी दातांनी नसलेला दोरा तोडला. वर बघितलंपण नाय.

"एवढ्या पावसात कुठे निघतोस? बस वाईच!"