तीन उन्हाळ्यांचा ट्राउट आणि कणकेच्या गोळ्या

साडूला तळ्यावर नेऊ नये, ही साधी गोष्ट मला कळायला त्रेसष्ट वर्षं लागली, आणि कळली तेव्हा मी कमरेएवढ्या गार पाण्यात उभा होतो.

त्या जूनमध्ये तसा मी आधीच सगळ्या जगावर चिडलेला होतो. उजवा खांदा कामातून गेला होता. सर्जन माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने स्क्रीनवरच्या माझ्या खांद्यावर पेन फिरवत सांगितलं की गुरुवारी ऑपरेशन, आणि पुढे हात डोक्यावर नेऊन झटके देणं कायमचं बंद. "यू कॅन स्टिल फिश, यू नो. डॉकवर बसायचं आणि लाइन खाली सोडायची." जणू मला मासे हवे होते! मासे हवे असते तर कॉस्कोच्या दुकानातच मिळाले असते.

मला एकच मासा हवा होता. कॅनडातल्या आमच्या कोक्विटलामपासून डोंगर ओलांडून साडेतीन तासांवर एक तळं आहे. त्याचा तळ शाडूसारख्या पांढऱ्या गाळाचा आणि पाणी इतकं नितळ की मासा हवेत टांगल्यासारखा दिसतो. अडचण एवढीच की त्यालाही तुम्ही तितकेच स्पष्ट दिसता. तिथल्या लव्हाळ्याच्या कडेने एक ट्राउट फिरायचा. कोपरापासून बोटांपर्यंत, वर आणखी एक वीत. सोसायटीत राउंड मारणाऱ्या रिटायर्ड गृहस्थासारखा दर आठ-दहा मिनिटांनी त्याच वाटेने यायचा. त्याला फ्लायवर धरायचं, म्हणजे हुकाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या नकली किड्यावर. हा किडा वजनाने काहीच नसतो, म्हणून जाड दोरी डोक्यावरून मागेपुढे फिरवून तो माशाच्या नाकासमोर अलगद मांडावा लागतो. आणि त्यासाठी खांदा लागतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी सेलमध्ये घेतलेलं पिवळंधमक जॅकेट घालून गेलो. ट्राउटने मला शंभर फुटांवरून ओळखलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कपडे झाडाझुडपांच्या रंगाचे घेतले, पण ऐन वेळी फ्लाय स्वतःच्याच कानात अडकवली. वॉक-इन क्लिनिकमधल्या बाईंनी हुक काढताना विचारलं, "डिड यू गेट हिम?" आता हा तिसरा उन्हाळा, सोमवार, आणि खांद्याकडे उरलेले तीन दिवस.

अशा वेळी बायको म्हणाली, "जिजाजींना घेऊन जा बरं. आठ दिवस बेसमेंटमध्ये बसून हवामानाचं चॅनेल बघतायत."

"मी सहलीला नाही चाललो."

"मग तुम्हीही जाऊ नका. असा खांदा घेऊन एकटं कुठे जायचं ते?"

तर तो आला. माझ्या मेव्हणीचा नवरा, नागपूरहून आमच्याकडे एकटाच राहायला आलेला, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला चड्डी वर घे म्हणून सांगण्यात ज्याचा आवाज तयार झाला, असा माणूस. गाडीत त्याने शंका काढायला सुरुवात केली.

"म्हणजे मासोळी पकडून तुम्ही सोडून देणार?"

"हो."

"खाणार नाही?"

"नाही."

"मग पकडता काहून?"

मी स्टिअरिंग आवळलं. मग तासभर लेक्चर दिलं. काठावर उभं राहायचं नाही, बसायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. बोलायचं नाही. पार्किंगमध्ये फक्त फ्लाय वापरा, आमिष लावायला आणि टाकायला बंदी, अशी पाटी आहे. तीही मी त्याला वाचून दाखवली. वर ऐकवलं की आमच्या इथल्या मराठी मंडळातली काही तरुण पोरं गांडूळ लावून मासे धरतात आणि त्यांच्याशी मी बोलतसुद्धा नाही. तो "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिला. मुख्याध्यापक असं म्हणतात तेव्हा ते ऐकत नसतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

पाण्यात उतरून जागेवर पोचायला मला वीस मिनिटं लागली. गाळात पाय घोट्याच्या वर रुततो, घाईने उपसला तर पांढरा ढग उठतो. म्हणून एकेक पाऊल, कंबर वाकवून, खांदा ठणकत. उभा राहिलो. पाण्यावरची चमक कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून लव्हाळ्याची कड दिसत होती. आणि तो आला. सावकाश, दोन्ही बाजूंना बघत.

हात वर गेला आणि मागे स्टीलच्या डब्याचं झाकण खणकन वाजलं. त्यावर ऊन चमकलं. पाठोपाठ पाण्यात पचक्, पचक्.

ट्राउट नाहीसा झाला.

"काय करताय तुम्ही?"

"कणकेच्या गोळ्या आहेत हो. सकाळी मळल्या. मासोळ्यांना टाकून राहिलो."

"टाकू नका!"

"काहून? पुण्य लागते."

"बंदी आहे! पाटी दाखवली ना?"

"पुण्य करायला बंदी?" तो खरोखरच चकित झाला होता. "अन् ती पाटी तर पकडणाऱ्यांसाठी आहे. मी कुठे पकडून राहिलो?"

यावर मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की तळ्यावरचा एकुलता एक पक्षी उडून गेला. माशांसमोर मौन पाळा म्हणून तासभर शिकवणारा गृहस्थ पाण्यात उभा राहून मराठीत बोंबलत होता. साडू मात्र डब्यावर हात ठेवून गप्प बसला होता, अगदी सांगितल्याप्रमाणे.

दहा मिनिटं गेली. ट्राउट परत आला. पांढऱ्या गाळावर पडलेल्या एका गोळीपाशी थांबला आणि त्याने ती खाल्ली. मग दुसरी.

माझ्या डोक्याची शीर तडतडली. तीन उन्हाळे मी त्याच्यासाठी भिंगातून बघत नकली किडे बांधले. टाचणी, म्हणजे बारीक चतुर, तिच्या पिल्लाच्या पायांना किती सांधे असतात ते मी वाचलं होतं. माझ्या किड्यांकडे ढुंकूनही न बघणारा हा लबाड आता गव्हाचं पीठ खात होता, तेही चाळणीने न चाळलेलं.

मघाशी ओरडायला वळलो तेव्हा त्याने फेकलेली एक गोळी माझ्या छातीवरच्या खिशात येऊन पडली होती. मी साडूकडे पाठ केली. बोटांनी ती दाबून हुकाला लावली. कुणी पाहत नव्हतं. गांडूळवाल्या पोरांशी न बोलणारा मी हे केलं, आणि करताना मला लाजही वाटली नाही. फक्त त्या माशाचा, त्या सर्जनबाईंचा आणि त्या डब्याचा राग येत होता.

हात वर नेला. दोरी मागे गेली आणि पुढे पाण्यावर जाऊन पडली. ओली कणीक हुकावर टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल; मला कळलं नाही. मागून आवाज आला, "अहो!"

मान वळवून पाहिलं. गोळी साडूच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर बसली होती. त्याने ती काढली, बोटांत फिरवली, वास घेतला. कॉपी सापडल्यावर मुख्याध्यापक जसा पोराकडे पाहील तसं माझ्याकडे पाहिलं.

"ही माझीच कणीक आहे न?"

"वाऱ्याने..." मी सुरुवात केली.

आणि दोरी हातात ओढली गेली. पुढे पडलेली नुसती फ्लाय, कणकेचा कणही नसलेली, माझ्या हाताने बांधलेली, ट्राउटने घेतली होती. सावकाश मनगट उचलायचं असतं. मी मान मागे असताना, होता नव्हता तो सगळा राग खांद्यात आणून हिसका दिला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. दोरा तुटला. ट्राउट एकदा पाण्याबाहेर पुरा आला, आमच्या दोघांच्या देखत, आणि गेला.

मग मी बोललो. साडूला, कणकेला, नागपूरला, बायकोला, कॅनडाच्या आरोग्य व्यवस्थेला. तो मागे हात बांधून ऐकत उभा राहिला. मला धाप लागली तेव्हा म्हणाला, "तुमच्यासाठीच टाकून राहिलो होतो. गुरुवारी ऑपरेशन आहे न. आमची ही तिकडे रोज तलावावर टाकते तुमच्या नावाने. म्हटलं आपण इथे टाकू."

आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता, कारण आता तो काढायला माणूसच उरला नव्हता. जो उरला होता तो पाण्यात उभा होता, आणि त्याचा उजवा हात वर होत नव्हता. एवढ्या वेळात पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतले होते. साडूने पँट काढून नीट घडी घातली, डब्याखाली ठेवली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आत आला.

"पाणी फार गार आहे," मी म्हणालो.

"समजून राहिलं," तो दात वाजवत म्हणाला, आणि काखेत हात घालून त्याने मला उपटलं.

साडेतीन तास मी एका हाताने गाडी चालवली. तो आता कणकेचा विषय काढेल, आता काढेल, म्हणून वाट पाहत होतो. त्याने काढला नाही. मीही नाही.

बायकोने दारातच विचारलं, "मिळाला का?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "लागला होता. यांच्याच पिसाला लागला. मी डोळ्यांनी पाह्यलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच चीड आली. फ्रोझन मटारची पिशवी खांद्यावर घेऊन मी बेसमेंटमध्ये जाऊन बसलो आणि बुधवारपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.